अ‍ॅनेस्थेशिया कोडिंग आणि बिलिंग: नवीन जॉइन झालेले लोक सारखे सारखे विचारतात ते प्रश्न

आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी नवीन बॅच येते, कोणी बी.फार्म, कोणी बीएचएमएस, कोणी फिजिओ, आणि सर्जरीचं कोडिंग बऱ्यापैकी जमलेली मुलंसुद्धा अ‍ॅनेस्थेशियाची क्यू (भुलीच्या केसेसची रांग) मिळाली की पहिले दोन आठवडे नुसती गोंधळलेली असतात. तेच प्रश्न तोंडी सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून ठेवते. कोडिंग म्हणजे डॉक्टरांनी काय केलं ते चार्टवरून वाचून इन्शुरन्सच्या बिलासाठी ठरलेल्या कोडमध्ये लिहिणं, आणि खाली जे आहे ते सगळं अमेरिकेतल्या बिलिंगचं आहे, आपल्याकडच्या हॉस्पिटलच्या बिलात भुलीच्या डॉक्टरांची फी जशी एका ओळीत लागते त्याच्याशी याची सांगड घालायला जाऊ नका, डोकं फिरेल.

सर्जरीचं कोडिंग येतं, मग हे वेगळं का शिकायचं?

कारण इथे घड्याळ चालतं. सर्जनने पित्ताशय काढलं तर ते ४० मिनिटांत काढलं की दोन तासांत, त्याच्या कोडचे पैसे साधारण तेच. भूलतज्ज्ञाचं तसं नाही, त्याला मिनिटांचे पैसे मिळतात. म्हणजे तुमच्या हातात जो चार्ट येतो त्यात ऑपरेशन काय झालं हे अर्धंच काम, उरलेलं अर्धं म्हणजे सुरू कधी झालं, संपलं कधी, त्या वेळात तो डॉक्टर अजून किती रूममध्ये अडकलेला होता. नवीन मुलं कोड शोधण्यात दहा मिनिटं घालवतात आणि वेळ नुसती कॉपी-पेस्ट करतात, आणि क्वालिटीवाले एरर काढतात ती तिथेच.

कोड म्हणाल तर मोजकेच आहेत, ००१०० ते ०१९९९. सर्जरीचे हजारो कोड इथे शरीराच्या भागाप्रमाणे गोळा करून टाकलेत. लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढणं ४७५६२, त्याचा अ‍ॅनेस्थेशिया कोड ००७९०, म्हणजे पोटाच्या वरच्या भागातलं पोटाच्या आतलं काम, आणि त्याच ००७९० मध्ये अजून ढीगभर सर्जऱ्या येतात. या जोडीला क्रॉसवॉक म्हणतात, आणि अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेशियॉलॉजिस्ट्स, म्हणजे आपण ज्याला एएसए म्हणतो ते, त्याचं पुस्तक काढतात.

बेस युनिट म्हणजे नक्की काय?

त्या कामाची अवघडता. प्रत्येक कोडला एक ठरलेला आकडा चिकटवलेला असतो. मोतीबिंदूचं ००१४२ म्हणजे ४, पित्ताशयाचं ००७९० म्हणजे ७, गुडघा बदलायचं ०१४०२ पण ७, हृदय प्रत्यारोपणाचं ००५८० म्हणजे २०. एक गंमत बघा, बायपास पंपावर केली तर ००५६७ आणि त्याचे १८, आणि पंप न लावता धडधडत्या हृदयावर केली तर ००५६६ आणि त्याचे २५. मुलांना उलटं वाटतं, पण विचार करा, चालू हृदयावर टाके पडतायत आणि प्रेशर सांभाळायचंय भूलतज्ज्ञाला.

या बेस युनिटमध्ये आधीची तपासणी, नंतरची नेहमीची भेट, सलाइन-रक्त देणं आणि नेहमीचं मॉनिटरिंग, म्हणजे ईसीजी, बीपी, ऑक्सिजन, टेंपरेचर, कार्बन डायऑक्साइड, हे सगळं आलं. ते वेगळं लावायचं नाही.

वेळ कधीपासून कधीपर्यंत धरायची?

चीर दिली तेव्हापासून नाही. पेशंट रूममध्ये आला तेव्हापासून असंही नाही. भूलतज्ज्ञ किंवा सीआरएनए (भूल देणारी नर्स) ओटीमध्ये किंवा तशाच जागी पेशंटला भुलीसाठी तयार करायला लागला की स्टार्ट, आणि पेशंटला रिकव्हरीच्या नर्सकडे सुरक्षितपणे सोपवून तो स्वतः मोकळा झाला की एंड. ऑपरेशनच्या आधी बाहेर जाऊन पेशंटला दहा मिनिटं प्रश्न विचारले ती वेळ यात नाही, ती बेसमध्ये गेली.

मध्ये खंड पडला, समजा तयारी केली आणि सर्जन अडकला म्हणून पेशंटला वीस मिनिटं नुसतं ठेवलं आणि भूलतज्ज्ञ जवळ नव्हता, तर ती वीस मिनिटं वजा, आणि अलीकडचे-पलीकडचे दोन तुकडे जोडायचे. पण दोन्ही तुकड्यांच्या वेळा चार्टवर पाहिजेत, आपण अंदाजाने जोडायचं नाही.

अजून एक, दुखणं कमी व्हावं म्हणून ऑपरेशनआधी जो नर्व्ह ब्लॉक देतात आणि तो वेगळा बिल होणार असेल, तर त्याला गेलेली वेळ भुलीच्या वेळेत धरायची नाही. एकाच मिनिटाचे दोनदा पैसे होतात ते.

हिशोब एकदा करून दाखवा ना.

बेस अधिक टाइम अधिक मॉडिफाइंग युनिट (पी३, ९९१०० वगैरेचे जास्तीचे, ते खाली येतात), गुणिले कन्व्हर्जन फॅक्टर, म्हणजे एका युनिटचा दर. एवढंच.

मेडिकेअरचा, म्हणजे तिकडच्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी इन्शुरन्सचा पेशंट, लॅपरोस्कोपीने पित्ताशय, स्टार्ट ८:०२, एंड ९:४०. झाली ९८ मिनिटं. १५ मिनिटांचं एक युनिट, म्हणजे ९८ भागिले १५, आले ६.५३, मेडिकेअर एका दशांशापर्यंत धरतं म्हणून ६.५. बेस ७. एकूण १३.५. मेडिकेअरचा २०२५ चा राष्ट्रीय कन्व्हर्जन फॅक्टर २०.३१७८ डॉलर, म्हणजे २७४ डॉलर २९ सेंट. त्यातले ८० टक्के मेडिकेअर देणार, २१९.४३, उरलेले ५४.८६ पेशंट किंवा त्याचा दुसरा इन्शुरन्स. प्रत्यक्षात फॅक्टर गावागणिक थोडा बदलतो त्यामुळे ईओबीवर (इन्शुरन्सच्या हिशोबाच्या कागदावर) नेमका हाच आकडा दिसला नाही म्हणून घाबरू नका.

क्लेमवर, म्हणजे इन्शुरन्सला जाणाऱ्या बिलावर, मात्र ६.५ टाकायचं नसतं हां, ९८ मिनिटंच टाकायची. युनिट ते लोक काढतात. मी एका नवीन मुलाला बघितलंय युनिटच्या जागी ७ टाकताना, आणि सिस्टिमने ७ मिनिटांचं ऑपरेशन समजून पैसे दिले.

खासगी इन्शुरन्सवाल्यांचं प्रत्येकाचं वेगळं, कोणी वरच्या पूर्ण युनिटला नेतो, कोणी दशांशातच ठेवतो, आणि फॅक्टर करारात ठरलेला असतो, तो मेडिकेअरपेक्षा बराच जास्त असू शकतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच की इन्शुरन्स कुठला.

एए, क्यूके, क्यूएक्स, क्यूवाय, क्यूझेड, एडी... लक्षात कसे ठेवायचे?

हे कोडला जोडायचे दोन अक्षरी मॉडिफायर, भूल कोणी दिली ते सांगणारे. पाठ करू नका, रूममध्ये कोण होतं ते विचारा, बाकी आपोआप येतं.

डॉक्टर स्वतः पूर्ण वेळ एकटा होता, एए. सीआरएनए एकटी होती आणि कोणी डॉक्टर डायरेक्ट (म्हणजे वरून लक्ष ठेवून मार्गदर्शन) करत नव्हता, क्यूझेड. डॉक्टर एकाच सीआरएनएला डायरेक्ट करतोय तर डॉक्टरच्या क्लेमवर क्यूवाय, दोन-तीन-चार रूम एकाच वेळी बघतोय तर क्यूके, आणि या दोन्हीत सीआरएनएच्या क्लेमवर क्यूएक्स. चारच्या वर गेलं की एडी.

सीआरएनए म्हणजे भूल देण्याचं खास शिक्षण घेतलेली नर्स, आपल्याकडे हा प्रकारच नाही म्हणून मुलांना पटकन पचत नाही की नर्स एकटी भूल देते. देते. मेडिकेअरच्या नियमात सीआरएनएवर डॉक्टरची देखरेख लागते, पण त्यातून राज्यांना बाहेर पडता येतं, २००१ मध्ये सगळ्यात आधी आयोवा बाहेर पडलं.

पैशाचं असं की एए आणि क्यूझेडला पूर्ण, क्यूके-क्यूएक्स किंवा क्यूवाय-क्यूएक्स असेल तर दोघांना निम्मं-निम्मं. वरच्या पित्ताशयाच्या केसमध्ये प्रत्येकी साधारण १३७ डॉलर. हे मॉडिफायर पैसे ठरवणारे म्हणून पहिल्या जागी लावायचे, क्यूएस (तो खाली मॅकमध्ये येतो) वगैरे नुसती माहिती देणारे त्यांच्या मागे.

मेडिकल डायरेक्शनच्या त्या सात स्टेप्सचं एवढं काय असतं?

१९८२ च्या टेफ्रा कायद्यापासूनचं प्रकरण आहे. डॉक्टर म्हणतोय ना की मी चार रूम डायरेक्ट केल्या आणि मला निम्मे पैसे द्या, तर सरकार म्हणतं की दाखव काय केलंस. भुलीआधी स्वतः तपासलं, भुलीचा प्लॅन ठरवला, सगळ्यात नाजूक वेळी हजर होता, म्हणजे लागू असेल तिथे भूल चढवताना आणि उतरवताना धरून, जे स्वतः करत नव्हता ते लायक माणसाकडूनच होतंय हे पाहिलं, मध्येमध्ये येऊन बघत होता, तातडी आली तर लगेच पोचेल असा तिथेच होता, आणि नंतरची काळजी घेतली. सातही चार्टवर दिसली पाहिजेत, एक जरी नसली तर ते मेडिकल डायरेक्शन नाही आणि क्यूके लागत नाही. मग काय लावायचं हे आपण ठरवायचं नाही, कंप्लायन्सला पाठवा.

या काळात डॉक्टरला बाकी काय करता येतं त्याची पण छोटी यादी आहे: जवळच थोड्या वेळाची इमर्जन्सी बघणं, बाळंतिणीला एपिड्युरल देणं, लेबरमधल्या पेशंटवर अधूनमधून नजर टाकणं, पुढच्या केसचा पेशंट आत घेणं, रिकव्हरीतल्या पेशंटला बघणं किंवा सोडणं, शेड्यूलचं काम. स्वतः जाऊन पाचवी केस करणं त्यात नाही.

कन्करन्सी म्हणजे काय आणि त्यावरून ऑडिटर एवढे का ओरडतात?

एकाच मिनिटाला तो डॉक्टर किती केसमध्ये आहे, ते. इन्शुरन्स कुठलाही असो, मोजताना सगळे पेशंट धरायचे, मेडिकेअरचे तेवढेच धरले असं चालत नाही.

मी स्वतः यात सपाटून मार खाल्लाय. पहिल्याच वर्षी, आधीच्या एका कंपनीत असताना, एका डॉक्टरच्या चार रूम क्यूकेने छान लावल्या, मग पाचवा चार्ट आला ९:१० च्या स्टार्टचा आणि तो पण क्यूके. दुसऱ्या रूमची एंड टाइम होती ९:१२. दोन मिनिटं, बाई, दोन मिनिटं! त्या दोन मिनिटांत तो डॉक्टर पाच ठिकाणी होता, म्हणजे एडी, आणि एडी म्हणजे डॉक्टरला प्रत्येक केसमागे फक्त ३ बेस युनिट, वेळेचे शून्य, भूल चढवताना हजर असल्याचं लिहिलेलं असेल तर अजून एक. १३७ च्या जागी ६१ डॉलर. रिकव्हरीच्या नर्सच्या नोटमध्ये पेशंट ९:०६ ला आला असं होतं म्हणून डॉक्टरला क्वेरी टाकली, मला वाटलं डॉक्टर म्हणेल टायपिंगची चूक आहे. त्याने उत्तर दिलं ९:१२ च बरोबर आहे, पेशंट अस्थिर होता म्हणून मी थांबलो होतो. गेली केस एडीने. टीएल (टीम लीडर) माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, पण क्लेम बरोबर गेला.

तेव्हापासून मी चार्ट एकेक उघडत नाही, त्या डॉक्टरचा पूर्ण दिवस एकदम मांडते आणि मग कोड करायला बसते. आणि वेळ कधीच स्वतः सरकवायची नाही, एक मिनिट सुद्धा नाही.

पी१ ते पी६ कोण ठरवतं?

हे आकडे म्हणजे पेशंटची तब्येत किती बरी-वाईट ते, आणि ठरवतो भूलतज्ज्ञ. आपण नाही. पेशंटला डायबेटिस आणि हार्ट फेल्युअर दिसतंय म्हणून तुम्ही पी३ लावलात तर ती तुमची चूक. पी१ ठणठणीत, पी२ सौम्य आजार, पी३ गंभीर आजार, पी४ सतत जिवाला धोका असलेला, पी५ ऑपरेशन नाही केलं तर वाचणार नाही असा, पी६ मेंदू मृत झालेला अवयवदाता. जास्तीचे युनिट पी३ ला १, पी४ ला २, पी५ ला ३, बाकी शून्य. मेडिकेअर यातलं काहीच देत नाही, खासगीवाले काही देतात.

९९१००, ९९११६, ९९१३५, ९९१४० हे कधी?

भूल नेहमीपेक्षा अवघड होती हे सांगणारे हे जास्तीचे कोड. ९९१०० वयासाठी, एक वर्षाच्या आतलं बाळ किंवा ७० च्या वरचा पेशंट, १ युनिट. ७० पूर्ण झालेला चालत नाही, ७० च्या वर पाहिजे, दर बॅचमध्ये एकजण इथे पडतोच. आणि ००३२६, ००५६१, ००८३४, ००८३६ यांच्यात बाळाचं वय आधीच धरलेलं आहे त्यामुळे त्यांच्यासोबत नाही. ९९११६ पूर्ण शरीर थंड करणं आणि ९९१३५ मुद्दाम बीपी खाली ठेवणं, दोन्हीला ५. ९९१४० इमर्जन्सी, २. रात्री तीनला केस झाली म्हणून ती इमर्जन्सी होत नाही, उशीर केला असता तर जीव किंवा अवयव धोक्यात आला असता असं लिहिलेलं हवं. मेडिकेअर याही चारांचे वेगळे पैसे देत नाही.

मॅक आणि सिडेशन एकच ना?

नाही. मॅक म्हणजे मॉनिटर्ड अ‍ॅनेस्थेशिया केअर, भूलतज्ज्ञ किंवा सीआरएनए तिथे बसलेली असते आणि गरज पडली तर पूर्ण भूल द्यायची तयारी असते. बेस युनिट आणि वेळ पूर्ण भुलीसारखीच, फक्त क्यूएस जोडायचा. मॅकचे अजून दोन मॉडिफायर आहेत: जी९ म्हणजे पेशंटला आधी हृदय-फुफ्फुसाचा गंभीर त्रास आहे, जी८ म्हणजे काम खोल, गुंतागुंतीचं. प्रोसिजर करणाऱ्या डॉक्टरनेच नर्स मदतीला घेऊन हलकी झोप दिली तर ते ९९१५१ पासूनचे सिडेशनचे कोड, ते आपल्या क्यूमध्ये येतच नाहीत.

कोलोनोस्कोपीचे कोड इतके का चुकतात?

२०१८ पासून जुना ००८१० गेला आणि त्याच्या जागी तीन आले. नुसतं तपासणीसाठी, तक्रार काही नाही, तर ००८१२, बेस ३. काही त्रास होता म्हणून केली तर ००८११, बेस ४. वरची आणि खालची एंडोस्कोपी एकाच बैठकीत, ००८१३, बेस ५. गोंधळ कुठे होतो तर तपासणीसाठी आत गेले आणि पॉलिप सापडला, काढला. मेडिकेअरमध्ये मग ००८११ आणि सोबत पीटी मॉडिफायर, त्याने पेशंटचा डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागायच्या आधी पेशंटने भरायची रक्कम) माफ होतो. पीटी विसरलात तर ६८ वर्षांच्या आजीबाईंना बिल जातं आणि त्या बरोबर फोन करतात.

बाळंतपणाचं एपिड्युरल १४ तास चालू होतं, १४ तासांचे पैसे?

सहसा नाही. कोड ०१९६७, बेस ५. पुढे सिझेरियन झालं तर ०१९६७ सोबत ०१९६८ जोडायचा, एकटा ०१९६८ कधीच जात नाही कारण तो अ‍ॅड-ऑन आहे. आधीच ठरलेलं सिझेरियन असेल तर ०१९६१, बेस ७, लेबरचा कोड नाही. वेळेचं प्रत्येक इन्शुरन्सचं वेगळं: कोणी फक्त समोर बसलेली मिनिटं धरतो, कोणी पूर्ण वेळ पण वर मर्यादा, कोणी सरळ ठोक रक्कम. चार्टवर कॅथेटर कधी टाकला, कधी काढला, मध्ये कधी कधी बघायला आले हे सगळं असेल तरच यातलं काहीतरी धड होतं.

वेगळं काय काय लावता येतं?

आर्टेरियल लाइन ३६६२०, सेंट्रल लाइन ३६५५६, स्वान-गॅन्झ (फुफ्फुसाच्या धमनीतला कॅथेटर) ९३५०३, कारण हे नेहमीच्या मॉनिटरिंगमध्ये मोडत नाही. यांना वेळ नसते, सरळ सर्जरीसारखे कोड. ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी दिलेला ब्लॉक पण, म्हणजे खांद्याला ६४४१५, मांडीला ६४४४७, पण मुख्य भूल त्या ब्लॉकवरच चाललेली नको आणि सर्जनने तो मागितल्याची नोंद हवी, मग ५९ किंवा एक्सयू, म्हणजे हे काम वेगळं आहे असं सांगणारा मॉडिफायर. आणि २०२३ पासून या ब्लॉकच्या कोडमध्येच सोनोग्राफी धरलेली आहे, ७६९४२ वेगळा लावू नका. जुन्या नोट्सवरून शिकलेली मुलं अजून लावतात आणि सीओ-९७ चं डिनायल येतं, म्हणजे हे दुसऱ्या कोडमध्ये आधीच धरलंय म्हणून पैसे नाकारतात.

एकाच वेळी दोन ऑपरेशनं झाली तर?

ज्याचा बेस जास्त तो एकच कोड आणि पूर्ण वेळ. अपवाद फक्त अ‍ॅड-ऑनचा: ०१९५३, ०१९६८, ०१९६९.

भावाच्या घरी अमेरिकेत आईचं ऑपरेशन झालं, हॉस्पिटलचं बिल भरलं आणि महिन्याने भुलीचं वेगळं आलं. फसवणूक आहे का?

हा प्रश्न ऑफिसमधला नाही, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा आहे, पण वारंवार येतो म्हणून घेते. फसवणूक नाही, तिकडे भूल देणारा ग्रुप बऱ्याचदा हॉस्पिटलचा नसतोच, त्याची वेगळी संस्था, वेगळं बिल. पूर्वी हॉस्पिटल इन्शुरन्सच्या नेटवर्कमधलं आणि भूलतज्ज्ञ बाहेरचा असायचा आणि अवाढव्य बिल यायचं, ते १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्रायझेस अ‍ॅक्टने बंद केलं, आणि भुलीच्या बाबतीत पेशंटकडून सही घेऊन सुद्धा त्यातून सुटता येत नाही. पण हे तिथल्या नियमित हेल्थ इन्शुरन्ससाठी. आई-बाबा सहा महिन्यांसाठी जाताना आपण जी व्हिजिटर पॉलिसी काढतो तिला ते संरक्षण नसतं. इन्शुरन्स न लावता खिशातून भरणार असाल तर ठरलेल्या ऑपरेशनआधी अंदाजपत्रक मागा, त्यापेक्षा बिल ४०० डॉलर किंवा जास्त आलं तर १२० दिवसांत तक्रार करता येते. आणि बिल आलं की आधी आयटमाइज्ड मागवा, त्यात कोड आणि मिनिटं बघा, मला पाठवा, मी बघते.

इन्शुरन्सवाले वेळेवरच मर्यादा घालणार होते ते काय झालं?

अँथम ब्लू क्रॉस ब्लू शील्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये कनेक्टिकट, न्यूयॉर्क आणि मिझुरीसाठी जाहीर केलं होतं की ठरलेल्या मिनिटांच्या वरचे पैसे देणार नाही. एवढा आरडाओरडा झाला की डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मागे घेतलं. भूलतज्ज्ञांचं म्हणणं साधं होतं, ऑपरेशन लांबतं ते सर्जनमुळे किंवा पेशंटच्या तब्येतीमुळे, आम्ही काय मध्येच उठून जायचं का? दुसरी बाजू अशी की मिनिटं फुगवणारेही असतात, नाहीतर ऑडिट इतके कडक झाले नसते. लागोपाठ शंभर केसची वेळ पाच किंवा शून्यावर संपायला लागली की ऑडिटरच्या भुवया वर जातात, खरं घड्याळ ७:४३ ला पण थांबतं.

सीपीसी पुरे की वेगळी परीक्षा द्यायची?

नोकरी मिळायला एएपीसी या कोडर लोकांच्या अमेरिकन संस्थेची सीपीसी परीक्षा पुरते, १०० प्रश्न, ४ तास, त्यात भुलीचे अगदी थोडे. याच कामात राहायचं असेल तर त्यांचीच सीएएनपीसी आहे, भूल आणि पेन मॅनेजमेंटची. पण फी डॉलरमध्ये आहे, तेव्हा आधी सहा महिने क्यूवर बसा, रोज संध्याकाळी पाच-सहाला तिकडे साडेसातची पहिली केस सुरू होते तेव्हा तुम्हाला कंटाळा येतो की मजा वाटते ते बघा, मग पैसे भरा.